जुना प्रोसेसर, स्वस्त मदरबोर्ड: गती वाढवावी का?

प्रश्न : माझ्याकडे एएमडी एफएक्स-६३०० प्रोसेसर आणि साधा, स्वस्त मदरबोर्ड आहे. ओव्हरक्लॉकिंग करून गती ३.५ वरून ४.२ गिगाहर्ट्‌झ करावी का? – एक वाचक, चंडीगड

उत्तर : प्रोसेसरला ते बहुधा झेपेल, खरी काळजी मदरबोर्डची आहे. २०१२ सालच्या या प्रोसेसरचा गती ठरवणारा मल्टिप्लायर कंपनीनेच खुला ठेवला आहे, मग भीती कसली, असे वाटणे साहजिक आहे. पण ती मुभा प्रोसेसरपुरती आहे. विजेचा खप गतीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गती २० टक्क्यांनी वाढवताना व्होल्टेज १.२५ वरून १.४ करावे लागले, तर खप साधारण दीडपट होतो. म्हणजे ९५ वॅटचे १४० वॅट. ही सारी वीज सॉकेटशेजारच्या व्हीआरएममधून, म्हणजे प्रोसेसरचे व्होल्टेज नियंत्रित करणाऱ्या भागातून जाते आणि स्वस्त बोर्डावर त्याला अनेकदा हीटसिंकही नसते.

मोठा कूलर बसवला तर? त्याने प्रोसेसर थंड राहील, व्हीआरएम नव्हे. उलट, उभ्या कूलरचा वारा व्हीआरएमवर न पडता वरच्या वर निघून जातो. शिवाय चंडीगडच्या जानेवारीत स्थिर चाललेली गती मे-जूनच्या चाळिशीपार उन्हाळ्यात टिकेलच असे नाही. टर्बोमुळे हा प्रोसेसर मोजक्या कोअरवर ४.१ पर्यंत आपणहून जातोच, त्यामुळे पदरात पडणारा फायदा थोडाच. म्हणून व्होल्टेज न वाढवता ३.८ पर्यंत जा, तासभर ताण-चाचणी घ्या आणि मोठ्या कूलरचे वाचलेले पैसे एसएसडीत घाला. हार्ड डिस्क वापरत असाल, तर रोजच्या कामातला फरक तिथेच जाणवेल.