आधी दलालाचा नंबर विचारा



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही मध्य रेल्वेची लागोपाठची स्टेशने. इथे नव्या इमारती उठत आहेत. गावचा मुलगा नोकरीला येतो. त्याला घर हवे असते. आईबाप पैपैची पुंजी काढतात. मग दलाल येतो. म्हणतो, “काका, आजच इसार द्या. उद्या भाव वाढेल.”

तेव्हा पिशवी सोडू नका. आधी विचारा, “भाऊ, तुमचा महारेराचा नंबर काय?”

महारेरा म्हणजे काय? घरे विकणाऱ्यांवर देखरेख ठेवणारी ही आपल्या राज्याची संस्था. तिच्यामागे २०१६ सालचा कायदा आहे. तो १ मे २०१७ पासून पुरा लागू झाला. महारेराकडे नोंदलेल्या इमारतीतले घर विकून द्यायचे, तर दलालालाही नोंदणी हवीच.

नोंदणीसाठी तो अर्ज करतो. पॅन कार्ड, फोटो, पत्त्याचा पुरावा देतो. एकटा माणूस असेल तर १०,००० रुपये फी भरतो. २०२३ साली प्रशिक्षण व परीक्षा यांचीही अट आली. मग त्याला नंबर मिळतो. त्याच्या आरंभी इंग्रजी ‘ए’ असते. नोंदणी ५ वर्षे चालते. पुढे ती नवी करावी लागते.

नोंदणीवाचून धंदा केला तर? रोज १०,००० रुपये दंड. तो वाढत वाढत घराच्या किमतीच्या शेकडा ५ पर्यंत जातो.

इमारतीचा नंबर वेगळा. तो ‘पी’ने सुरू होतो. दोन्ही नंबर महारेराच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. स्वतःला जमत नसेल तर शिकल्यासवरल्या मुलाला सांगा.

पण एक ध्यानात धरा. दलालाचा नंबर ही जमिनीची हमी नव्हे. जमीन कोणाची, हे सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड सांगते. उल्हासनगर हे फाळणीनंतर निर्वासितांसाठी वसलेले गाव. तिथे सनदही पाहावी लागते. जुने घर किंवा शेतजमीन घेताना दलालाचा नंबर लागत नाही. म्हणून तिथे कागद दुप्पट तपासा, वकिलाला दाखवा.

नोंदलेल्या इमारतीत करारनामा रजिस्टर होण्याआधी बिल्डरला किमतीच्या शेकडा १० हून जास्त रक्कम घेता येत नाही. जे द्याल त्याची पावती घ्या.

आता तुम्हांला वाचता येते. न वाचता सही करू नका. घाई दलालाला असते. पैसा तुमचा असतो.

सांगा पाहू :
१. दलालाचा नंबर कोणत्या अक्षराने सुरू होतो?
२. त्याची नोंदणी किती वर्षे चालते?
३. जमीन कोणाची, हे कोणत्या कागदावरून कळते?