बालमंदिराचा उंबरठा आणि पालकांचे मन

जून महिन्यात शाळा उघडल्या म्हणजे कोणत्याही बालमंदिराच्या फाटकाशी एकच देखावा दिसतो. आतल्या बाजूस रडणारी मुले आणि बाहेरच्या बाजूस पदराने डोळे टिपणाऱ्या त्यांच्या आया. मुलांच्या रडण्याचा विचार शिक्षक करतात, कारण तो त्यांच्या कामाचाच भाग होय. बाहेर उभ्या असलेल्या आयांचा विचार करण्यास मात्र त्या घाईच्या वेळी कोणालाच सवड नसते. आम्ही शिक्षक आहोत, तसेच आमच्या घरी लेकरेही वाढली आहेत. फाटकाच्या दोन्ही बाजू पाहिलेल्यांच्या नात्याने या विषयावर चार शब्द लिहावे असे वाटले.

भीती कोणाची?

मूल तीन वर्षांचे झाले की घरात प्रश्न सुरू होतात. ते रडून रडून आजारी तर पडणार नाही? शू लागली तर सांगेल का? डबा खाईल का? दांडगी मुले त्याला ढकलतील का? आजी म्हणते, ‘इतकी घाई कशाला? पोर सुकून जाईल.’ शेजारीण म्हणते, ‘आमचा तर अडीच वर्षांचा असल्यापासून जातो.’ दोन्ही बोलणी आईच्या मनाला टोचतात. नोकरी करणाऱ्या आईस तर आपण सोयीसाठी मुलाला दूर लोटत आहोत की काय, असेही वाटू लागते.

या साऱ्या प्रश्नांच्या तळाशी दोन भित्या असतात. ‘माझ्यावाचून याचे कसे होईल?’ ही पहिली. ती सर्वजण बोलून दाखवितात. ‘माझ्यावाचून याचे निभू लागले तर?’ ही दुसरी. ती कोणी बोलत नाही. आम्हांस वाटते, दुसरीच अधिक खोल असते. ती मनात आली म्हणून कोणी लाज बाळगण्याचे कारण नाही. तीन वर्षे ज्या जिवाचा श्वासन् श्वास मोजला, तो पाठ फिरवून खेळण्याकडे धावतो, तेव्हा आनंदाबरोबर हुरहुरही वाटते. मात्र ही हुरहुर आपली आहे, मुलाची नव्हे, एवढा भेद मनाशी स्पष्ट असावा.

मांडीवरून बाकावर

आपल्या समाजात शिक्षणाचा आरंभ नेहमी घरातल्या माणसाच्या कुशीत झाला आहे. हिंदू घरांत दसऱ्याला पाटीपूजन होते. पाटीवर सरस्वती काढून वडीलधारे माणूस मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेते. आमच्या मुसलमान घरांत मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की ‘बिस्मिल्लाह’ करण्याची चाल आहे. बाळाला नवे कपडे घालून जवळ बसवितात, त्याच्याकडून पहिले शब्द म्हणवून घेतात आणि मिठाई वाटतात. विधी निरनिराळे असले तरी दोहोंत एक गोष्ट सारखी आहे: विद्या मुलाकडे येते ती आपल्या माणसांच्या घोळक्यात.

घर सोडून शाळेत जाणे ही पूर्वी बरीच पुढची गोष्ट होती. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सर्व बडोदे राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, तेव्हा सक्तीचे वय सातव्या वर्षापासून धरले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षणाचा पाया तिसऱ्या वर्षापासून धरला आहे. म्हणजे आजोबा-पणजोबांनी जो उंबरठा सातव्या वर्षी ओलांडला, तो नातवंडे तिसऱ्या वर्षी ओलांडतात. शिवाय पूर्वी वाड्यात चुलत भावंडे, काकू, आत्या असत. आई दिसली नाही तरी मूल कोणाच्या तरी कडेवर असे. दोन खोल्यांत वाढणाऱ्या मुलास आईच साऱ्या घराच्या ठिकाणी असते. तेव्हा आजच्या मुलाचे रडणे हे लाडावल्याचे लक्षण नव्हे.

रडण्याचा अर्थ

आईपासून दूर होताना रडण्याची वृत्ती सुमारे आठव्या महिन्यापासून दिसू लागते, पुढे दीड वर्षापर्यंत ती जोरात असते आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास ओसरू लागते. मात्र जागा नवी, माणसे नवी असली की ती पुन्हा उसळते. मेरी एन्सवर्थ या विदुषीने प्रथम युगांडातील खेड्यांत व नंतर अमेरिकेत आई व तान्ह्या मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. तिच्या निष्कर्षांचा सारांश असा की, मूल आई जाताना रडते की नाही यापेक्षा ती परत आल्यावर काय करते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. आई येताच तिच्याकडे धावणारे, तिच्या कुशीत शांत होणारे आणि पुन्हा खेळाकडे वळणारे मूल मनाने सुरक्षित असते. ज्याला परतीची खात्री आहे, तेच मूल दूर जाऊ शकते. तेव्हा तीन वर्षे दिलेल्या मायेने मूल दुबळे झाले, असे समजू नये; त्याच शिदोरीवर ते बालमंदिरात टिकणार असते.

आणखी एक अनुभव पुष्कळांस कोड्यात टाकतो. दिवसभर मूल शहाण्यासारखे वागते आणि आई दिसताच हंबरडा फोडते. आईस वाटते, दिवसभर याचे हालच झाले असावेत. बहुधा तसे नसते. परक्या ठिकाणी आवरून धरलेले मन आपले माणूस दिसताच मोकळे होते. मोठी माणसेही घरी येऊनच थकवा दाखवितात.

बालमंदिर कशासाठी?

आपल्या भागात बालशिक्षणाचा पाया घालणारे गिजुभाई बधेका हे मुळात वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे, या काळजीतून ते या विषयाकडे वळले आणि १९२० साली त्यांनी भावनगरात दक्षिणामूर्तीचे बालमंदिर उभे केले. म्हणजे बालमंदिराची ही कल्पना आपल्याकडे रुजली ती एका पालकाच्या चिंतेतून. मुलाला मारू नये, धाक घालू नये, हाताने काम करू द्यावे, गोष्टी-गाण्यांतून शिकू द्यावे, हा त्यांचा आग्रह होता.

त्यांच्यासह काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी हेच काम महाराष्ट्रात नेले. १९४५ साली त्यांनी बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. त्यातूनच ‘अंगणवाडी’ आली. १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी एकात्मिक बालविकास योजनेमुळे तो शब्द देशभर गेला. या इतिहासात आपल्यासाठी धडा आहे तो असा: मुलाचे पाऊल अडखळले तर त्याला ओढून नेऊ नये, घर आणि शाळा यांतील अंतर आपण कमी करावे.

आधीची तयारी

हे अंतर कमी करण्याचे उपाय साधे आहेत. शाळा सुरू होण्यापूर्वी दोन-तीनदा मुलास घेऊन त्या वाटेने जावे; फाटक, झोपाळा, नळ, शौचकूप दाखवावे. ज्या बेनच्या हाती मूल जाणार, त्यांच्याशी मुलादेखत हसून बोलावे. आईचा विश्वास पाहूनच मूल विश्वास टाकते. चप्पल घालणे, चड्डी काढणे, डब्याचे झाकण उघडणे या गोष्टी घरीच शिकवाव्या. आठवड्यातून एक-दोन वेळा आजी, मावशी किंवा खालाजान यांच्याकडे तासभर ठेवून आई दूर जावी आणि सांगितल्याप्रमाणे परत यावी.

बडोद्यासारख्या गावी आपल्या घरांस एक वेगळी काळजी असते, ती भाषेची. घरात मराठी, आमच्यासारख्यांच्या घरी उर्दूही, आणि बालमंदिरात गुजराती. मुलास सारी गुजराती येण्याची गरज नाही. ‘पाणी पीवुं छे’, ‘बाथरूम जवुं छे’, ‘दुखे छे’ एवढी तीन वाक्ये येत असली की अर्धी भीती जाते. शू, शी यांस घरात जे शब्द असतील ते बेनना कागदावर लिहून द्यावे. बाकीची भाषा मुले खेळता खेळता उचलतात. त्यापायी घरची भाषा मात्र सोडू नये.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. ‘थांब, शाळेतच घालते तुला, बाई चांगल्या सरळ करतील,’ ही धमकी आपल्या घरांत सर्रास ऐकू येते. वर्षभर शाळेचा बागुलबुवा दाखवायचा आणि जूनमध्ये हसत जाण्याची अपेक्षा करायची, हे कसे जमावे?

निरोप कसा घ्यावा?

मूल खेळात रमले की मागच्या पावली पळून जाणे, हा उपाय सोपा वाटतो. परंतु त्यासारखा घातक उपाय नाही. वळून पाहिल्यावर आई नाहीशी झालेली दिसली की मूल दुसऱ्या दिवसापासून खेळातही रमत नाही, घरीही पदर सोडत नाही. तेव्हा सांगून जावे. निरोप प्रेमाचा पण आटोपशीर असावा. रोज तोच एक पापा, तेच एक वाक्य. तीन वर्षांच्या मुलास ‘दोन तासांनी येते’ याचा अर्थ कळत नाही. ‘डबा झाला, गोष्ट झाली, की मी आलेच,’ हे कळते. एकदा शब्द दिला की तो पाळावा. पहिल्या पंधरवड्यात पाच मिनिटांचा उशीरही मुलाला युगासारखा वाटतो. निघाल्यावर पुन्हा पुन्हा खिडकीतून डोकावू नये. आईचा पाय निघतच नसेल, तर काही दिवस वडिलांनी, आजोबांनी किंवा काकांनी पोचवावयास जावे. मूल पोचविणे हे काही बायकांचेच काम नव्हे.

घरी आल्यावर ‘आज काय शिकलास?’ अशी उलटतपासणी करू नये. जवळ घ्यावे, खाऊ द्यावा. सांगावयाचे ते मूल आपोआप सांगते. या दिवसांत अंथरूण ओले होणे, अंगठा चोखणे, रात्री दचकणे असे थोडेफार घडते. रागावू नये, ते जाते.

कोठे सावध व्हावे?

बहुतेक मुले दोन-तीन आठवड्यांत रुळतात. महिना उलटूनही रडण्याचा जोर उतरला नाही, मूल जेवेनासे झाले, वजन घटू लागले किंवा बोलणेच थांबले, तर बालरोगतज्ज्ञांस दाखवावे. रुळलेले मूल एकाएकी जाण्यास नकार देऊ लागले, विशिष्ट माणसाचे किंवा जागेचे नाव काढताच घाबरू लागले, अंगावर वळ किंवा जखम दिसली, तर मात्र ‘नखरे’ म्हणून सोडून देऊ नये. शांतपणे मुलाचे ऐकावे, त्याच्यावर विश्वास ठेवावा आणि त्याच दिवशी शाळेत जाऊन चौकशी करावी. पालकांस आत येऊन वर्ग पाहू देण्यास जी शाळा नेहमीच टाळाटाळ करते, तिच्या रंगीत भिंतींस भुलू नये. भीतीचा उपयोग असेल तर तो येथे आहे.

इतर सर्व वेळी पालकांनी आपली भीती आपल्याजवळ ठेवावी. मुलाशी नव्हे, आपसांत बोलावी. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या आईशी बोलावी. तिच्या मनातही बहुधा तेच चाललेले असते, आणि दोघी मिळून घराकडे चालू लागल्या म्हणजे रस्ता थोडा लवकर सरतो.