साठ हजाराची पुडी

सूनबाई, चेहऱ्यावर तेज यावं म्हणून मैत्रिणीच्या सांगण्यावरून व्हिटॅमिन डीच्या पुड्या आणल्यास. आधी त्या कपाटात ठेव आणि माझं ऐक. पुडीवर 60,000 युनिट छापलंय बघ. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 600 पुरतात. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा साठा. डॉक्टर ती आठवड्याला एक देतात, बहुधा आठ आठवडे, आणि कुठे थांबायचं तेही सांगतात. रोज दुधात घालून प्यायलीस तर हे जीवनसत्त्व लघवीवाटे सहज निघून जात नाही, चरबीत साचत राहतं. रक्तातलं कॅल्शियम चढतं. मग सारखी तहान, सारखी लघवी, मळमळ, बद्धकोष्ठ, आणि पुढे मूत्रपिंडालाच इजा. शिवाय तुझ्या कॅल्शियमच्या गोळीतही डी असेल, केसांसाठी घेतेस त्या गोळीतही. सगळ्यांची बेरीज कर. आणि अंगात कमतरता नसेल तर पुडीने चेहरा उजळेल ही आशा धरू नकोस.

उन्हाचं तसं नाही. कातडीत डी गरजेपुरतं तयार झालं की जादा झालेलं तेच ऊन मोडून टाकतं, म्हणून उन्हाने डीची विषबाधा होत नाही. पण कातडी भाजते, तेव्हा वेळ सांभाळायची. आपल्या बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत लोक सकाळी लवकर फिरायला जातात ते तब्येतीला उत्तमच, पण त्या तिरप्या, झाडांतून गाळून येणाऱ्या उन्हात डी बनवणारे किरण नसल्यातच जमा. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडायला लागली की गच्चीवर जा. दंड, पाठ, पोटऱ्यांवर पंधरा-वीस मिनिटं ऊन घे, तोंडावर मात्र पदर. वांग उन्हाने वाढतो, आणि एवढ्याशा चेहऱ्याने डी तरी किती मिळणार? कातडी चुरचुरायच्या आत सावलीत ये. बंद खिडकीच्या काचेमागे बसून उपयोग नाही, ते किरण काच अडवते.

बेळगावचा पाऊस लागला की आठवडे आठवडे ऊन दिसत नाही. तेव्हा गोळी लागेलही, पण ती डॉक्टरांनी ठरवलेल्या मापाने. आपल्या मनाने मोठ्या माणसाने दिवसाला 4,000 युनिटच्या वर जाऊच नये. गोळी जेवणाबरोबर घ्यायची, तेलातुपासोबत ती अंगी लागते. घरात कुणाला मुतखडा असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, तर एवढंही विचारल्याशिवाय नको.

कॅप्सूल फोडून गालाला चोळायचा उद्योग तर नकोच. सोरायसिसला डॉक्टर कॅल्सिपोट्रिऑलचं मलम देतात, ते डीच्याच कुळातलं. पण ते फक्त चट्ट्यांवर, सांगितलं तेवढंच. तोंडाला लावायचं नाही आणि लावून झालं की हात साबणाने धुवायचे.

बाळाच्या थेंबांकडेही लक्ष दे. तान्ह्याला दिवसाला 400 युनिट पुरतात. एका बाटलीत तेवढे एका मिलीत असतात, दुसरीत अर्ध्या मिलीत. बाटली बदलली की लेबल वाच आणि तिच्यासोबत आलेला ड्रॉपरच वापर.

उद्या पुड्यांचं पाकीट आणि घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांनी बघितल्याशिवाय एकही पुडी फोडू नकोस.