डेटाबेस सपोर्ट : आधी घरी बिघडवून बघा, मग ठरवा

मुलीला डेटाबेस सपोर्टमध्ये नोकरी लागतेय असं कळलं की दिंडोशी, गोकुळधाम, नागरी निवारा या भागातले पालक पहिला प्रश्न एकच विचारतात: "म्हणजे कॉल सेंटरच ना?" ही शंका उगाच आलेली नाही. मालाडच्या माइंडस्पेसमध्ये कॉल सेंटरं भरात होती तेव्हा रात्री-अपरात्री धावणाऱ्या गाड्या इथल्या रहिवाशांनी पाहिल्या आहेत आणि दोन वर्षांत थकून घरी बसलेली पोरंही पाहिली आहेत. पण नावात 'सपोर्ट' असला तरी हे काम निराळं आहे. ते निराळं कसं, हे समजून न घेता नोकरी नाकारणं जितकं चूक, तितकंच डोळे झाकून स्वीकारणंही.

आधी डेटाबेस म्हणजे काय ते पाहू. दिंडोशीच्या सत्र न्यायालयात कुणाचा खटला चालू असेल, तर १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकून पुढची तारीख मोबाइलवर बघता येते. हे ज्या सीआयएस (केस इन्फर्मेशन सिस्टिम) प्रणालीमुळे होतं, ती पुण्याच्या एनआयसीने, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरून तयार केली. देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत ती चालते. अशी माहिती जिथे शिस्तीत मांडून ठेवलेली असते, तो डेटाबेस. बँकेचं खातं, रेल्वेचं आरक्षण, रुग्णालयातले रिपोर्ट सगळं तिथेच असतं. ते सांभाळणारी सॉफ्टवेअर म्हणजे ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस. ती अडली की ज्याच्या नावावर तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, पडतं, तो सपोर्ट इंजिनिअर.

तो नेमकं काय करतो? या क्षेत्रात वारंवार येणारं एक प्रकरण घ्या. औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याकडे संध्याकाळी सहा वाजता बिलं सेव्ह होणं थांबतं. संगणक बंद करून चालू केला, तरी तेच. डिस्कवर शेकडो जीबी जागा मोकळी आहे, त्यामुळे जागेचा प्रश्न असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. गोंधळलेला नवशिका म्हणेल, "सॉफ्टवेअर काढून परत टाकू या." त्या वाक्यात सात-आठ वर्षांचा हिशेब पुसला जाण्याची शक्यता आहे. जाणकार माणूस आधी म्हणतो, "स्क्रीनवर जे लिहून आलंय, त्याचा फोटो पाठवा. काही पुसू नका, काही बंद करू नका." फोटोत ११०५ किंवा १८२७ असा एरर क्रमांक दिसतो आणि उलगडा होतो. दुकानात एसक्यूएल सर्व्हरची मोफत एक्सप्रेस आवृत्ती आहे. २०१२ ते २०२२ च्या एक्सप्रेस आवृत्त्यांमध्ये एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. डिस्क रिकामी असली तरी डेटाबेस भरलेला आहे.

आता पुढचं. लॉग फाइल लहान करून काही उपयोग नाही, कारण ती या मर्यादेत धरलीच जात नाही. पहिलं पाऊल म्हणजे बॅकअप. मग कुठल्या टेबलाने किती जागा खाल्ली ते बघायचं. पुष्कळदा जुन्या कागदपत्रांचे स्कॅन किंवा कुणीही न वाचणाऱ्या नोंदींचं एखादं टेबलच निम्मी जागा अडवून बसलेलं असतं. जुनी वर्षं वेगळ्या डेटाबेसमध्ये हलवायची की पैसे भरून मोठी आवृत्ती घ्यायची, हे व्यापाऱ्याला त्याच्या भाषेत समजावायचं. शेवटी ८ जीबी झाले की आपोआप सूचना येईल अशी सोय करून तिकीट बंद करायचं. या सगळ्यात पाठांतराला फार थोडी जागा होती. नीट वाचणं, योग्य प्रश्न विचारणं आणि घाई न करणं, एवढ्यावर काम तरलं. तुमच्या पाल्यात हे गुण आहेत का, हे तुम्हाला कुठल्याही कलचाचणीपेक्षा जास्त कळेल.

कंपन्यांमध्ये या कामाच्या पायऱ्या असतात: एल-वन, एल-टू, एल-थ्री. पासवर्ड बदलून देणं, जागा वाढवणं, ठरलेल्या सूचना पाळणं हे एल-वनचं. मूळ कारण शोधणं एल-टूचं, आणि प्रॉडक्टच्या कोडपर्यंत जाणं एल-थ्रीचं. एआयमुळे या नोकऱ्या जातील का, असं पालक विचारतात. एल-वनचं बरंचसं काम स्वयंचलित होतंय, क्लाउड कंपन्या बॅकअप आणि पॅचिंगही परस्पर करतात, हे खरं आहे. म्हणून एल-वनमध्ये शिरायला हरकत नाही, पण तिथे तीन-चार वर्षं काढणं मला धोक्याचं वाटतं.

या कामात चूक किती महाग पडते, हे ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब कंपनीत दिसलं. थकलेल्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. क्षणात लक्षात आलं आणि आज्ञा थांबवली, पण सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले होते. बॅकअप शोधायला गेले तर तो नव्हताच. बॅकअपचं साधन पोस्टग्रेसच्या जुन्या आवृत्तीचं आणि सर्व्हर नव्या आवृत्तीचा, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता. तो फसल्याचे ईमेलही पोहोचत नव्हते. योगायोगाने सहा तास आधी घेतलेली एक प्रत हाताशी होती, तीवरून सगळं उभं केलं. कंपनीने लपवाछपवी न करता सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा.

त्यातूनच माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला निघतो. क्लासची फी भरण्याआधी घरच्या संगणकावर पोस्टग्रेस टाका. ते पूर्ण मोफत आहे, आणि ते हाताळायचं पीजीअ‍ॅडमिनही. सोसायटीच्या देखभाल खर्चाचे हिशेब घ्या, टेबलं करा, हजारो खोट्या नोंदी भरा. बॅकअप घ्या. मग डेटाबेस मुद्दाम पुसा आणि बॅकअपवरून परत उभा करा. जमला नाही तर का जमला नाही, ते वहीत लिहा. अशा दहा बिघाडांची वही मुलाखतीत दाखवणारा उमेदवार घोकलेल्या व्याख्या म्हणणाऱ्यापेक्षा वेगळा उठून दिसतो. आणि हे करताना मूल कंटाळलं, तर तेही वेळेत कळलं.

पदवीचं थोडक्यात: बीएससी आयटी, बीसीए, संगणकाचा डिप्लोमा, इंजिनिअरिंग, सगळ्या वाटा चालतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे अनेक धडे मराठीत मोफत आहेत. जगभर शिकवलं जाणारं 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स' हे पाठ्यपुस्तक ज्या तिघांचं आहे, त्यातले प्रा. एस. सुदर्शन याच पवईच्या आयआयटीतले. पुण्यात १९९० साली पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू करणारे आनंद देशपांडे डेटाबेस विषयातलेच पीएचडी. पोस्टग्रेसच्या २००८ च्या ८.३ आवृत्तीत नोंदी सतत बदलताना इंडेक्सवर पडणारा भार हलका करणारी 'हॉट' ही सुधारणा आली, ती प्रामुख्याने पवन देवळसी यांची. या विषयाची खोली परदेशातच असते असं समजून निराश होऊ नका.

आता पाळ्यांचं. ग्राहक अमेरिकेत असेल तर रात्रपाळी येणार, आणि ऑन-कॉल आठवड्यात, म्हणजे केव्हाही फोन येऊ शकतो अशा पाळीत, गणपतीच्या जेवणातूनही उठावं लागणार. शरीराला ते मानवतं का, याचा विचार घरात मोकळेपणी व्हावा. मुलींच्या बाबतीत एक गोष्ट माहीत असू द्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर काम करायला स्त्रीची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षिततेची व घराच्या दारापर्यंत वाहनाची जबाबदारी मालकावर असते. ही मागणी करताना संकोच नको.

'शंभर टक्के प्लेसमेंट'च्या नावाखाली अनामत मागणाऱ्यांपासून मात्र चार हात लांब राहा. नोकरी देणारी खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. मूळ गुणपत्रिका ठेवून घेणारा बाँड असेल, तर सही करण्याआधी तो वकिलाला दाखवा.

आणि मुलाखतीत शेवटी "काही विचारायचंय?" असं म्हणतील, तेव्हा गप्प बसू नका. विचारा: महिन्यात रात्रपाळ्या किती? ऑन-कॉलचा मोबदला वेगळा मिळतो का? एल-वनमधून एल-टूमध्ये जायला साधारण किती काळ लागतो, आणि गेल्या वर्षी किती जण गेले? तुमच्याकडे बॅकअप परत उभा करून तपासण्याचा सराव शेवटचा कधी झाला? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला, तर दुसरीकडचीही मुलाखत देऊन बघा.