शेंग फुटावी, दाणा राहावा

संपादक मंडळातल्या कॅडेट्सनी मराठी पानासाठी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा त्यांना बहुधा एखाद्या गडकिल्ल्यावर काही मिळेल असे वाटले असावे. मी मात्र भुईमुगाच्या शेंगा फोडण्याच्या यंत्रावर लिहितो आहे. आमच्या विज्ञान मंडळाच्या मुलांनी दिवाळीपासून कार्यशाळेत दुसरा विषय काढलेला नाही, आणि आपली शाळा ज्या सौराष्ट्रात आहे तिथे कुंपणाबाहेर पाऊल टाकले की भुईमूगच लागतो. ज्या वस्तूचे पोते एका पालकांच्या शेतावरून फुकट येते, तिच्यावर प्रयोग करायला शाळेच्या लेखा विभागाची मंजुरी लागत नाही, हाही एक फायदा.

'शेंगा फोडायचे यंत्र तर बाजारात मिळते, मग आपण ते कशाला करायचे?' हा प्रश्न पहिल्याच दिवशी एका कॅडेटने विचारला आणि तो बरोबर होता. तेलघाण्याला लागणारे दाणे केव्हापासूनच मोठ्या यंत्रांवर फुटतात. तिथे चार दाणे दुभंगले तरी काही बिघडत नाही, कारण ते लगेच गाळले जातात. अडचण आहे ती बियाण्याची. खरिपाचा भुईमूग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघतो. पुढच्या पेरणीसाठी राखलेला माल शेंगेतच ठेवतात, कारण टरफलासारखे दुसरे वेष्टन नाही. मग मे-जूनमध्ये, पाऊस तोंडावर आला की, तो फोडायचा. आणि तो अजूनही पुष्कळ घरांत हातानेच फोडला जातो, कारण दुभंगलेला दाणा उगवत नाही आणि लाल साल निघालेल्या दाण्याचा भरवसा नसतो.

हाताने म्हणजे किती काम, याचा हिशेब फळ्यावर मांडला. हेक्टरी साधारण 100 ते 120 किलो दाणे पेरायला लागतात. शेंगेच्या वजनात दाणा सुमारे 70 टक्के धरला, तर 100 किलो दाण्यांना 143 किलो शेंगा आणि 120 किलोंना 171 किलो. मधला आकडा म्हणून 150 किलो घेऊ. एक माणूस तासाला एक-दीड किलो शेंगा सोलतो. दीड किलो धरले तरी 100 तास, म्हणजे आठ तासांचे बारा दिवस, तेही एका हेक्टरासाठी. हे बारा दिवस बहुतेक घरांत आई, आजी आणि काकू यांच्या अंगठ्यांवर निघतात. वाळलेल्या टरफलाची कड नखाच्या कोपऱ्यात शिरते आणि तिसऱ्या दिवशी अंगठा ठणकू लागतो. आमच्या खानदेशातही हेच आणि इथेही हेच. तेव्हा आमच्यापुढचे काम ठरले: तेलासाठी नव्हे तर बियाण्यासाठी, विजेशिवाय चालणारे आणि साठीच्या बाईला तासभर रेटता येईल असे यंत्र.

कॅडेट मित्रांनो, यंत्राचा आराखडा कागदावर काढण्याआधी व्हर्नियर कॅलिपर हातात घ्या. आम्ही पोत्यातून मूठमूठ करत शेंगा काढल्या आणि प्रत्येकीची जाडी मोजली. बहुतेक शेंगा 10 ते 16 मिलिमीटरच्या दरम्यान भरल्या. मग त्याच शेंगा फोडून आतल्या दाण्यांची जाडी मोजली. ती 7 ते 10 मिलिमीटर आली. वहीत हे दोन आकडे शेजारी लिहिल्यावर सगळा प्रश्न उघडा पडतो. शेंग दोन पृष्ठभागांमध्ये चिरडली जावी, पण दाणा सुखरूप सुटावा, म्हणून मधली फट शेंगेपेक्षा लहान आणि दाण्यापेक्षा मोठी हवी. पण मोठ्या शेंगेतला दाणा 10 मिलिमीटरचा आणि लहान शेंग आख्खीच 10 मिलिमीटरची! फट 11 ठेवली तर लहान शेंगा न फुटता खाली येतात. 9 ठेवली तर मोठे दाणे भरडले जातात. सगळ्यांना चालेल अशी एकच फट मिळतच नाही. पेरलेले वाण एकच असले तरी ही अडचण सुटत नाही, कारण एकाच झाडावर ठसठशीत आणि किरकोळ अशा दोन्ही शेंगा लागतात. इथल्या जीजी-20 या निमपसऱ्या वाणाची शेंग मोठी आणि आमच्या जळगावच्या जेएल-24 ऊर्फ फुले प्रगती या उपट्या वाणाची लहान, त्यामुळे पोती मिसळली तर विचारूच नका.

या कोड्याचे मला सर्वांत आवडलेले उत्तर आपल्याकडचे नाही. 2001 साली जॉक ब्रँडिस नावाचे, चित्रपटांच्या प्रकाशयोजनेचे काम करणारे एक गृहस्थ पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात एका खेड्यात गेले होते. तिथल्या बायकांची शेंगा सोलून झालेली बोटे त्यांनी पाहिली आणि 'तुमच्यासाठी यंत्र शोधून पाठवतो' असा शब्द दिला. परत गेल्यावर लक्षात आले की त्या खेड्याला परवडेल असे यंत्रच नाही. तेव्हा अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातले भुईमूगतज्ज्ञ टिम विल्यम्स यांनी त्यांना बल्गेरियातल्या एका यंत्राची कल्पना सांगितली आणि त्यावरून ब्रँडिस यांनी काँक्रीटचे यंत्र तयार केले. बाहेर एक पोकळ पात्र, आत शंकूसारखा फिरणारा गाभा, वर हाताने फिरवायचा दांडा. पात्र आणि गाभा यांच्यातली फट वर रुंद असते आणि खाली निमुळती होत जाते. शेंग घरंगळत खाली उतरते आणि जिथे फट तिच्या जाडीइतकी होते तिथे अडकते, लोळते, फुटते. मोठी शेंग वरच फुटते, लहान शेंग खाली जाऊन. म्हणजे प्रत्येक शेंग आपापली फट आपणच शोधते! फायबरग्लासचे दोन साचे आणि थोडे लोखंडी सामान मिळाले की सिमेंट, वाळू गावातलीच. असे यंत्र ताशी सुमारे 50 किलो शेंगा फोडते. आमच्या 150 किलोंच्या हिशेबात बसवा: बारा दिवसांचे तीन तास.

मग आम्ही तेच का केले नाही? दोन कारणे. काँक्रीटचे वजन उचलून घरोघरी नेता येत नाही, आणि इथले बियाणे आज या अंगणात तर उद्या त्या अंगणात फुटते. दुसरे, काँक्रीटचा पृष्ठभाग कठीण. खाण्याच्या दाण्याला तो चालतो, पण आमचे सगळे लक्ष बियाण्यावर होते. म्हणून मुलांनी आपल्याकडे जुना असलेला प्रकार घेतला: खाली अर्धगोल जाळी आणि तिच्यावर झोपाळ्यासारखा मागेपुढे हलणारा कमानदार ठोकळा, त्याला उभा लांब दांडा. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने याच धर्तीची हातयंत्रे विकसित केली आहेत. बाजारातल्या अशा कित्येक यंत्रांत ठोकळ्याला बिडाचे दातेरी तुकडे असतात. आम्ही त्या जागी ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचे तुकडे बोल्टने आवळले. रबर दबते, त्यामुळे दाण्यावरचा भार एका बिंदूवर न येता थोड्या क्षेत्रफळावर पसरतो. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ, हे आठवीत पाठ केलेले वाक्य इथे दाण्याची लाल साल वाचवते.

फटीचा प्रश्न आम्ही यंत्रात न सोडवता यंत्राच्या आधी सोडवला. शेंगा प्रथम 12 मिलिमीटरच्या चाळणीतून काढायच्या. खाली पडलेल्या लहान, वर राहिलेल्या मोठ्या. लहान शेंगांतले दाणे 8 मिलिमीटरच्या आतले, म्हणून त्यांना फट 9. मोठ्यांतले 10 पर्यंतचे, त्यांना फट 11. ठोकळा वरखाली करायला दोन बाजूंना दोन बोल्ट आणि दोन जाळ्या अदलाबदल करायच्या. चाळण्याचे काम वाढते हे खरे. पण चाळणे, पाखडणे ही कामे घरच्या बायकांना यंत्रापेक्षा चांगली येतात आणि त्यांत बोटे सोलवटत नाहीत. सगळे काही यंत्रानेच करावे हा हट्ट मला पटत नाही.

आता बळाचा हिशेब. वजनकाट्यावर शेंग ठेवून लाकडाच्या ठोकळीने दाबली तर ती साधारण 4 किलोच्या आसपास, म्हणजे 40 न्यूटनला, कडकते. दांडा टेकूपासून 80 सेंटिमीटर, रबर टेकूपासून 20 सेंटिमीटर, म्हणजे तरफेचा लाभ चौपट. हाताने 60 न्यूटन लावले की रबराशी 240 मिळतात. थेट दाबणे आणि घासत दाबणे एक नव्हे, पण अंदाजासाठी 240 भागिले 40 करा: एका वेळी सहा शेंगा. याचा अर्थ असा की वरच्या चाडीचे तोंड अरुंद हवे. मुलांना चाडी काठोकाठ भरायची हौस असते, मग दांडा अडकतो आणि दोघे-तिघे लोंबकळून तो ओढतात. अशाने यंत्र वाकते. तोंडाला सरकती पट्टी लावली तेव्हा हा खेळ थांबला.

श्रमाचेही पाहा. दांड्याचे टोक एका रेट्यात 50 सेंटिमीटर सरकते, म्हणजे 60 गुणिले 0.5, 30 ज्यूल. मिनिटाला साठ रेटे घेतले तर सेकंदाला एक, म्हणजे 30 वॉट. धडधाकट माणूस बराच वेळ साधारण 75 वॉट देऊ शकतो. आपण त्याच्या निम्म्याहूनही कमी मागतो आहोत, म्हणून साठीच्या बाईची अट पाळली जाते. 'सर, मोटर लावू या' असे दर आठवड्याला कोणी ना कोणी म्हणतेच. त्यांना मी वेग काढायला लावतो. आपल्या हाताचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, रबराचा त्याच्या चौथाई. समजा 30 सेंटिमीटर व्यासाचा पिंप मिनिटाला 200 फेरे घेतो, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला 3 मीटरच्या वर जातो. आपल्यापेक्षा पंचवीसपट! गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पंचवीसचा वर्ग करून पाहिल्यावर मोटरवाले गप्प होतात, निदान पुढच्या आठवड्यापर्यंत.

या सगळ्यावर मात करणारी एक गोष्ट आहे: ओल. मे महिन्यात इथे शेंग इतकी वाळते की टरफल पापडासारखे मोडते. हे आपल्या सोयीचे वाटते, पण दाणाही तितकाच ठिसूळ झालेला असतो आणि जरा घासला की साल सोडून दोन डाळिंब्या होतो. टरफल कोरडे आणि दाणा किंचित लवचीक असा मधला क्षण पकडायचा असतो. जुनी माणसे शेंगांवर थोडे पाणी शिंपडून, रात्रभर झाकून, सकाळी जरा वाऱ्यावर टाकून मग फोडतात. रात्रीत ओल दाण्यापर्यंत मुरते आणि सकाळी टरफल आधी सुकते. तर्क चोख आहे. पण भिजवलेला माल तसाच साठवला तर त्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी चढते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचे, यकृताला घातक विष तयार करते आणि फुटक्या दाण्यांत तिचा शिरकाव अधिक सोपा असतो. म्हणून पाणी शिंपडायचे ते लगेच पेरायच्या बियाण्यालाच, खाण्याच्या मालाला नाही. पालकांपैकी जे शेती करतात त्यांनी एवढे जरूर लक्षात ठेवावे.

खाली पडलेला माल दाणे आणि टरफले असा मिसळलेला येतो. पंखा बसवायचा विचार मुलांनी केला होता, पण सुपाने पाखडून किंवा वाऱ्यावर उफणून ते काम होते. दाणा आणि टरफल दोन्हींवर गुरुत्वत्वरण तेच, पण टरफलाचे वजन कमी आणि पसारा मोठा, म्हणून हवेचा रोध त्याला लांब नेतो. नववीच्या तासाला मी हे सूप घेऊनच शिकवले. व्हरांडा झाडायला नंतर निम्मा तास लागला.

आता कसोटी. आख्खे दाणे मोजून यंत्राला गुण देता येतात, पण बियाण्याची परीक्षा तिथे संपत नाही. हाताने सोललेले 100 दाणे आणि यंत्रातून आलेले, वरून निर्दोष दिसणारे 100 दाणे आम्ही ओल्या गोणपाटात वेगवेगळे गुंडाळून ठेवले. मोड मोजले तेव्हा यंत्राच्या गुंडाळीत हातसोलीपेक्षा सुमारे पाचातला एक मोड कमी. मुले हिरमुसली, पण मला ही प्रयोगातली सर्वांत मोलाची संख्या वाटते. न उगवलेले दाणे भिंगाखाली पाहिले. पुष्कळांच्या टोकाशी, जिथे अंकुर असतो तिथेच, सालीखाली मार बसल्याची खूण होती. साल शाबूत, आतला अंकुर ठेचलेला. शेतकऱ्याच्या डोळ्याला हे दिसणार नाही. तो चांगले बी म्हणून पेरील, आणि ओळीत पडलेले खाडे पंधरा दिवसांनी दिसतील, तेव्हा पेरणीचा वाफसा निघून गेलेला असेल.

मग मार नेमका कुठे बसतो याचा शोध सुरू झाला. रबरावर संशय नव्हता. जाळीच्या सळ्या 6 मिलिमीटरच्या, आणि त्यांच्या वेल्डिंगचे खडबडीत ठिपके आतल्या अंगाला उघडे होते. शेंगेतून सुटलेला दाणा लगेच खाली न पडता आणखी एक-दोन रेटे जाळीवर घासला जात होता. अकरावीच्या दोन मुलांनी ठिपके कानशीने साफ केले आणि सळ्यांवर सायकलच्या ट्यूबच्या नळ्या चढवल्या. ट्यूबची जाडी धरून जाळीच्या फटी पुन्हा मोजाव्या लागल्या आणि एक सळई काढून उरलेल्या नव्याने बसवाव्या लागल्या. चाडीच्या तोंडावर आडवी जाळीही लावली, कारण लहान मुलाचा हात आत जाईल एवढी जागा कोणत्याही यंत्रात राहता कामा नये.

नव्या जाळीची उगवण चाचणी मेच्या पहिल्या आठवड्यात आहे, म्हणजे शेंगा पेरणीच्या वेळी जितक्या वाळलेल्या असतात तितक्याच वाळलेल्या असताना. सुटीवर जाणाऱ्या कॅडेट्सनी आपापल्या घरून दोन-दोन किलो शेंगा आणाव्यात. पिशवीवर वाणाचे नाव आणि काढणीचा महिना लिहावा. वऱ्हाडातल्या, कर्नाटकातल्या, आंध्रातल्या शेंगा आल्या तर फारच उत्तम, इथल्या आकड्यांची त्यांच्याशी तुलना करता येईल. शेंगा भाजून आणू नयेत. मागच्या वेळी तसे एक पाकीट आले होते आणि ते चाचणीपर्यंत पोहोचले नाही.