साहेबांचा आवाज चढला की हात थरथरतात

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे. लहानपणी बाबा दारू पिऊन यायचे, आईला मारायचे. रात्री दाराची कडी वाजली की मी पांघरुणात दडायचे. आता ते पीत नाहीत. पण ऑफिसात साहेबांचा आवाज चढला की माझे हात थरथरतात, तोंडून शब्द फुटत नाही. मी कमकुवत आहे का?

उत्तर : अजिबात नाही. त्या घरात सतत सावध राहणं हाच तुमचा बचाव होता. धोका टळला, शरीराची सवय सुटलेली नाही. चढलेला आवाज ऐकताच मेंदूतला अमिग्डाला हा भाग विचाराला उसंत न देता धोक्याचा इशारा देतो. छाती धडधडते, वाचा बसते. १९९८ साली अमेरिकेत फेलिटी, अँडा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बालपणीचे असे अनुभव जितके अधिक, तितका मोठेपणी नैराश्याचा धोका जास्त दिसला. पण धोका म्हणजे विधिलिखित नव्हे, हे मी ठामपणे सांगते.

साहेबांचा आवाज चढेल त्या क्षणी पाय जमिनीवर घट्ट टेकवा, श्वास सावकाश सोडा. आघातावर काम करणाऱ्या मानसतज्ज्ञांना जरूर भेटा. अशा उपचारांनी खरोखर फरक पडतो. आणि ‘आता बाबांना माफ कर’ असं घरचे म्हणाले, तरी घाई करू नका. मानसतज्ज्ञांना भेटण्याआधी कुणाशी बोलून पाहायचं असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही मोफत बोलता येतं.