हॅलोवीनची रोषणाई: पैसे माळेवर घालू नका, वायरवर घाला

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या मराठी घरांच्या पोर्चवरही भोपळे येऊन बसतात. मुलं पुठ्ठ्याची थडगी कापतात, जुन्या चादरींची भुतं होतात आणि मग दिव्यांची खरेदी निघते. बहुतेक घरांत पैसे माळांवर जातात, आणि वायर मात्र गॅरेजमध्ये सापडेल ती ओढली जाते. हे अगदी उलट व्हायला हवं. माळ साधी चालेल, पण वायर आणि आउटलेट चोखच हवं. त्या दिवसांत पाऊस असतो, अंगणात ओल्या पानांचा थर असतो आणि 31 तारखेला शेजारपाजारची मुलं अंधारात तुमच्या दारापर्यंत चालत येणार असतात.

आधी बाहेरचं आउटलेट बघा. त्यावर ‘टेस्ट’ आणि ‘रिसेट’ अशी दोन बटणं दिसली तर ते जीएफसीआय. करंट वायरीतून परत न येता ओल्या हातातून जमिनीत उतरू लागला, तर 4 ते 6 मिलिअँपिअरलाच ते क्षणात पुरवठा तोडतं. घरातला ब्रेकर 15 किंवा 20 अँपिअरचा असतो, आणि माणसाचा जीव जायला त्याचा शंभरावा भागही पुरतो. म्हणून ‘ब्रेकर आहे की’ या भरवशावर राहू नका. एखादा नाइट लॅम्प लावून ‘टेस्ट’ दाबा. दिवा विझला पाहिजे आणि ‘रिसेट’ दाबल्यावर परत लागला पाहिजे. 1973 पूर्वीच्या घरांत बाहेर हे संरक्षण नसण्याची शक्यता मोठी. नुसतं आउटलेट 20 ते 30 डॉलरला मिळतं, इलेक्ट्रिशियन बोलावून बसवून घेतलं तर साधारण 150 ते 300 डॉलर धरा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आउटलेटमध्ये खोचायचा, बाहेर वापरायचा जीएफसीआय अडॅप्टर घ्यावा. तो 25 ते 40 डॉलरला येतो. सगळ्या सजावटीत एकाच गोष्टीला पैसे उरले असतील तर ते इथे घाला.

मग एक्स्टेंशन कॉर्ड. कॉर्डच्या आवरणावर छापलेल्या अक्षरांत ‘डब्ल्यू’ असेल तर ती बाहेरची. 16 गेजची, 25 फुटी, तीन पिनांची कॉर्ड 15 ते 20 डॉलरला मिळते. दोन कॉर्ड एकमेकींना जोडण्यापेक्षा एकच लांब घ्या. जोड येतोच असेल तर त्यावर झाकणाची प्लॅस्टिकची डबी लावा (8 ते 12 डॉलर) आणि तो जमिनीपासून वर ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून टेप मारू नका, आत पाणी साठतं. वायर धातूच्या स्टेपलने ठोकू नका आणि दाराच्या फटीत चेंगरू देऊ नका.

भारतातून दिवाळीसाठी आणलेल्या माळांबद्दल स्पष्टच सांगते. त्या 230 व्होल्टच्या, इथला पुरवठा 120 व्होल्टचा. पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. माळ मिणमिणते किंवा लागतच नाही. मग कोणी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर आणून तो अंगणात ठेवतं. हे करू नका. इथली सुरक्षा-चाचणीचं यूएल चिन्ह असलेली, ‘आउटडोअर’ लिहिलेली शंभर दिव्यांची एलईडी माळ 10 ते 15 डॉलरला मिळते आणि तीच दिवाळीला खिडकीत लागते. इथल्या नियमाप्रमाणे सणाची तात्पुरती रोषणाई 90 दिवसांच्या वर ठेवायची नसते. हॅलोवीनला लावलेली माळ नाताळ करून जानेवारीत उतरवलीच पाहिजे.

वीजबिलाची काळजी एलईडीत उरलेली नाही. अशा चार माळा मिळून साधारण 25 वॉट. रोज सहा तास, महिनाभर लावल्या तरी साडेचार युनिट. युनिटला 18 सेंट धरले तर जेमतेम 80 सेंट. जुन्या तापणाऱ्या बल्बच्या चार माळा 160 वॉट खातात, त्याचे पाच डॉलर होतात. त्या एकमेकींना किती जोडायच्या हे टॅगवर असतं, बहुधा तीनच. धुराचं यंत्र मात्र वेगळं प्रकरण. लहानसंही 400 वॉटचं असतं. 15 अँपिअरच्या एका सर्किटवर सलग 1440 वॉटच्या वर जाऊ नका, आणि गॅरेजमधला फ्रीज त्याच सर्किटवर आहे का तेही बघा.

घरी केलेल्या वस्तूंच्या आत 120 व्होल्ट शिरूच देऊ नयेत. पुठ्ठा, चादर, वाळलेली मक्याची ताटं, कापसाची कोळ्याची जाळी, सगळं पेट घेणारं. कवटीचे लाल डोळे करायचे असतील तर दोन लाल एलईडी एका रांगेत जोडा, त्यांच्या मागोमाग 330 ओहमचा रेझिस्टर आणि 9 व्होल्टची बॅटरी. एलईडीचा लांब पाय बॅटरीच्या धन टोकाकडे येतो. दोन एलईडींत साधारण चार व्होल्ट जातात, उरलेले पाच रेझिस्टर पेलतो, आणि करंट 15 मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. अल्कलाइन बॅटरी चार-पाच रात्री सहज पुरते. बॅटरी धरून सगळा खर्च पाच डॉलरच्या आत. दहा वर्षांचं मूलही शेजारी बसून हे जोडू शकतं.

भोपळ्यात मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवा, डझनभर 10 ते 15 डॉलरला मिळतात. त्यातले काही बटण सेलवर चालतात. असा सेल लहान मुलाने गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते. सेलच्या कप्प्याचं झाकण स्क्रूने बंद होणारंच घ्या. 2022 साली इथे त्यासाठी कायदा झाला आहे, पण घरातले जुने दिवे त्याआधीचे असू शकतात.

चार माळा, दोन कॉर्ड, डबी आणि 15-20 डॉलरचा बाहेरचा टायमर मिळून साधारण शंभर-सव्वाशे डॉलर होतात. माळांची घाई नसेल तर 1 नोव्हेंबरला दुकानात जा. हॅलोवीनचा माल निम्म्या किमतीला निघतो, आणि 2026चं लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. कॉर्ड आणि जीएफसीआय मात्र आत्ताच आणा.